सिंकखालचे विश्वकर्मा

जुना फ्लॅट विकत घेण्याआधी तो एखाद्या इंजिनिअरला दाखवून घ्यायची रीत आता पुण्यातही रुळू लागली आहे. मी ते काम करतो. टॉर्च, ओल मोजायचं यंत्र, लेव्हल आणि फरशी पोकळ आहे का हे वाजवून बघायला एक लहान हातोडी, एवढ्या भांडवलावर परक्यांच्या बाथरूममध्ये शिरायचा हा धंदा. भिंतीची चीर बघून होते, स्लॅब बघून होतो, अर्थिंग बघून होतं. मग स्वयंपाकघराच्या दारात घरमालक आडवे येतात आणि म्हणतात, “प्लंबिंगचं बघायलाच नको. ते सगळं मी स्वतः केलंय.”

हे वाक्य ऐकलं की मी टॉर्चमध्ये नवे सेल घालतो.

हे गृहस्थ बहुधा निवृत्त असतात. कुणी बँकेतून, कुणी विम्यातून. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असले तर बोलायलाच नको. ज्याने जन्मभर कालव्यांच्या फायली हाताळल्या, त्याच्यापुढे अर्ध्या इंचाची नळी ती काय! (ते हिशोब शाखेत होते, हे आपल्याला फार उशिरा कळतं.) अंगात बनियन, खाली बर्म्युडा, गळ्यात दोरीचा चष्मा आणि कानावर पेन्सिल. पेन्सिलीचा प्लंबिंगशी संबंध काय, असं विचारू नये. काम सुरू करण्याआधी ते टाइल्सवर आकृती काढतात. गळती थांबत नाही, पण आकृती वर्षानुवर्षं टिकते.

त्यांच्या या व्रताचं मूळ एका प्लंबरात असतं. “दहा मिनिटांत आलोच काका” म्हणालेला तो प्लंबर तिसऱ्या दिवशी उगवतो. वाकतो, आत डोकावतो आणि विचारतो, “हे कुणी केलंय?” हा प्रश्न त्या व्यवसायात पूर्वापार चालत आलेला आहे. आधीचं काम त्याने स्वतः केलेलं असलं तरी तो विचारतो. मग दोन मिनिटांत काहीतरी फिरवतो आणि पाचशे रुपये मागतो. काकांना पाचशेचं वाईट वाटत नाही, दोन मिनिटांचं वाटतं. त्याने तासभर घाम गाळला असता, दोनदा साहित्य आणायला गेला असता, तर चहा पाजून त्यांनी सहाशे दिले असते. पण दोन मिनिटांत? त्या दिवशी काका मनाशी ठरवतात, की यापुढे या घराचं पाणी आणि आपण, मध्ये तिसरा कुणी नको.

मग हत्यारं जमू लागतात. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हे त्यांचं भांडार. त्यात एक गंजका पाइप पाना, तोंडाशी वाळून गेलेली सोल्युशनची ट्यूब, आधीच्या नळांच्या मुठी आणि मूठभर वॉशर. त्यांतला एकही घरातल्या कुठल्याच नळाला बसत नाही, पण फेकायचा नाही, “कधीतरी लागेल.” काही कमी पडलं तर बोहरी आळी आहेच. जुना सुटा भाग रुमालात गुंडाळून काका निघतात. दुकानदार त्यांच्याकडे न बघताच विचारतो, “अर्धा का पाऊण? मेल का फिमेल?” सत्तरीच्या सुसंस्कृत माणसाला भर बाजारात, चार लोकांत, असा प्रश्न! काका अंदाजाने काहीतरी सांगतात, अंदाजाने आणतात आणि घरी येऊन अंदाजाने ठोकून बसवतात.

टेफ्लॉनच्या टेपवर त्यांची फार श्रद्धा. १९३८ साली ड्यू पाँट कंपनीत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला गॅसच्या एका नळकांड्यात हा पदार्थ चक्क अपघाताने सापडला. अपघाताने सापडलेली वस्तू अपघात घडवायला वापरण्याचा मान मात्र आमच्या काकांचा. टेप आट्यांच्या दिशेने, म्हणजे आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, ताणून गुंडाळायची असते. आट्यांमधली फट भरायची आणि जोड सहज आत सरकू द्यायचा, एवढंच तिचं काम. ती काही डिंक नव्हे. काका ती उलटी गुंडाळतात आणि रीळ संपेपर्यंत गुंडाळतात. नळ आवळायला लागलं की टेप उलगडत बाहेर येते. मग ते ती हातात धरून खिन्नपणे म्हणतात, “हल्ली टेपमध्ये पूर्वीचा दम राहिला नाही.”

कोथरूडमधल्या एका जुन्या इमारतीत मला या कलेचा कळस बघायला मिळाला. सिंकखालचं दार उघडलं. वेस्ट पाइपचा तो एक जोड. मूळचा दीड इंची, पण आता त्याचा घेर वीतभर झाला होता. काका माझ्याशेजारी मांडी घालून बसले, टॉर्च माझ्याच हातातून घेतला, आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इनामगावचं उत्खनन ज्या आस्थेने केलं त्या आस्थेने पेन्सिलीच्या टोकाने एकेक थर दाखवू लागले.

“सगळ्यात आत बिल्डरचा वॉशर. त्याच्यावर आम्ही पहिल्यापासून विश्वास ठेवला नाही. त्यावर एम-सील. हे थोरलीच्या बारावीच्या वर्षीचं. त्यावर व्हाइट सिमेंट. धाकट्याची मुंज होती, पाहुणे यायचे, म्हटलं जरा बरं दिसावं. मग ही सायकलची ट्यूब, तांब्याच्या तारेने आवळलेली. ही नोटाबंदीतली. प्लंबरला द्यायला सुटे कुठले? आणि हे वरचं पुन्हा एम-सील, लॉकडाऊनमधलं. दुकानं बंद. घरात एकच कांडी उरली होती.”

“एकच?”

“एकच. पण बसलीय की नाही बघा!”

एम-सीलच्या दोन कांड्या सारख्या घेऊन, रंग एकजीव होईपर्यंत मळाव्या लागतात. एकीत राळ असते, दुसरीत ती घट्ट करणारं रसायन. एकटी कांडी कल्पांतापर्यंत वाळत नाही. मी बोट लावलं, तर बोटाचा स्वच्छ ठसा उमटला. काकांनी तो अंगठ्याने हळुवार पुसला. थेंब मात्र त्या सगळ्या इतिहासाला वळसा घालून, पाइपच्या मागच्या बाजूने येऊन बादलीत पडत होता. पाणी थेंबथेंब येत असताना, ओल्या पाइपवरच हे सगळे थर चढवलेले होते. ओल्यावर काही धड चिकटत नाही, ही साधी बाब. पण वरचा सिंकचा नळही ठिबकता, त्याचं पाणी बंद करायचं तर गच्चीवरचा कॉक बंद करावा लागतो, त्यासाठी सेक्रेटरींना सांगावं लागतं, आणि सेक्रेटरींशी काकांचं पार्किंगवरून बोलणं बंद असतं.

इतक्यात काकू आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “तेवढी बादली मात्र हलवू नका हां.” घराची खरी अवस्था एका काकूंनाच माहीत असते. कुठल्या नळाखाली तांब्या ठेवायचा, बेसिन किती वाजता वापरायचं नाही, पाहुण्यांना कुठल्या बाथरूममध्ये पाठवायचं नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांच्या मोबाइलमध्ये प्लंबरचा नंबरही असतो. ‘भाजीवाले’ या नावाने साठवलेला. काका चार दिवस गावाला गेले, की त्या घरात भाजीवाले येऊन फ्लशची टाकी दुरुस्त करून जातात. परत आल्यावर काका टाकीचा आवाज ऐकतात आणि समाधानाने म्हणतात, “बघ, मी म्हटलं नव्हतं? माझं काम सेट व्हायला जरा वेळ लागतो.”

अशा घरात नवख्या माणसाची मात्र धडगत नसते. नळ कुठल्या दिशेने उघडतो, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही. डावीकडे गरम आणि उजवीकडे गार, हा सर्वसाधारण प्रघात. इथे तो उलटा. “त्यात काय, लक्षात ठेवायचं,” काका म्हणतात. त्यासाठी भिंतीवर सूचना लावलेल्या असतात. अक्षर बँकेतलं, टपोरं आणि वळणदार. ‘हँडल दाबून धरावे. आवाज बदलल्यावर सोडावे. पाणी न थांबल्यास झाकण उचलून सुतळी ओढावी.’ झाकण उचललं तर आत बॉल कॉकच्या जागी पाण्याची रिकामी बाटली तरंगत असते आणि सुतळीची दुसरी गाठ शॉवरच्या दांड्याला असते.

पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर, कालनिर्णय लटकत होतं. मी सहज ते बाजूला करायला गेलो, तर काका ओरडलेच, “खिळ्याला हात लावू नका!” कॅलेंडरासाठी ठोकलेला तो खिळा भिंतीतल्या कन्सील्ड पाइपात गेलेला होता. ठोकल्यावर पाण्याची चिळकांडी उडाली, म्हणून काकांनी तो उपटण्याऐवजी आणखी आत ठोकला, आणि चिळकांडी थांबली. जे भोक पडलं, त्याला पाडणाऱ्यानेच बूच घातलं. तेव्हापासून तो खिळा त्या घराच्या पाणीपुरवठ्याचा कायमचा भाग आहे. दर वर्षी त्यावरचं कॅलेंडर बदलतं, खिळा बदलत नाही. फक्त तो गंजतो आहे.

बाथरूममध्ये न्हाणी ट्रॅपची जाळी उचलली. खालची वाटी नव्हती. “पाणी तुंबायचं हो. काढून टाकली, आता कसं धडाधड जातं.” जातं खरं. पण त्या वाटीच्या भोवती जे दोन इंच पाणी कायम साचून राहतं, तेच गटारातली घाण हवा आणि झुरळं घरात येऊ देत नाही. वाटी गेली की दारच उघडं. मग काका डांबराच्या गोळ्या टाकतात, काकू उदबत्ती लावतात, आणि दोघंही महापालिकेला नावं ठेवतात. संडासाच्या भांड्याखालच्या बाकदार नळीत पाणी अडवून वास रोखायची युक्ती १७७५ साली अलेक्झांडर कमिंग याने पेटंट घेऊन जगापुढे आणली. तो धंद्याने घड्याळजी होता. ही माहिती मी काकांना कधीही सांगणार नाही. घड्याळजीला जमतं तर मला का नाही, असं ते विचारतील, आणि माझ्याकडे उत्तर असणार नाही.

पुढे गीझर. त्याच्या गरम बाजूला साधी पांढरी पीव्हीसी नळी लावलेली होती, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात गरम पाणी सोसून सोसून तिचं पोट सुटलं होतं. ही नळी साठ अंशांच्या आसपास नरम पडू लागते. गरम पाण्याला पिवळसर रंगाची सीपीव्हीसी लागते. “रंगाचाच फरक आहे ना? टाइल्सला पांढरं शोभतं,” काका म्हणाले. इथपर्यंत मी हसू शकत होतो. मग त्यांनी मोठ्या अभिमानाने दाखवलं, “हे इथून सारखं ठिबकायचं. डमी लावून बंदच करून टाकलं.” तो सेफ्टी व्हॉल्व्ह होता. थर्मोस्टॅट बिघडला आणि पाणी तापतच राहिलं, तर टाकीतला वाढलेला दाब बाहेर सोडायची ती वाट. ती बुजवली की टाकी फुटू शकते, आणि फुटते तेव्हा ती बाथरूमच्या भिंतीची भीड ठेवत नाही. मी तिथल्या तिथे गीझरचं बटण बंद केलं. काका रुसले. त्यांना मी भित्रा वाटलो.

त्यांच्या नळाच्या गळतीबद्दल मी कधी वाद घालत नाही, हिशोब सांगतो. सेकंदाला एक थेंब आणि चार हजार थेंबांचा एक लिटर धरला, तर दिवसाला साडेएकवीस लिटरहून जास्त पाणी जातं. केंद्र सरकारचे पाणीपुरवठ्याचे निकष शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे असे सहा-सात नळ गळत असले, तर खडकवासल्याच्या पाण्यावर आपण आणखी एक माणूस पोसतो. काका म्हणतात, “वाया कुठे जातं? बादलीत पडतं.” आणि बादलीत पडत नाही ते?

ते खालच्या मजल्यावर जातं. ज्याला काका दुरुस्ती म्हणतात, ते बहुतेक वेळा गळतीचं स्थलांतर असतं. वरची टाइल कोरडी झाली की काम फत्ते. खालच्यांच्या छताला पोपडे धरले, पंख्याभोवती पिवळा डाग पसरला, तर तो सोसायटीचा विषय. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने काढायची आणि घरातल्या संडास-मोरीची सभासदाने स्वखर्चाने. हा नियम काकांना पाठ असतो, आणि म्हणूनच ते सभेत ठामपणे सांगतात, “पाणी माझं नाहीच. ते माझ्या वरच्यांचं आहे. माझ्या स्लॅबमधून फक्त जातंय.”

असा वाद आला की आम्ही मोरीचं तोंड बुजवून त्यात रंगीत पाणी भरतो आणि एक-दोन दिवस तसंच ठेवतो. एकदा असं गुलाबी पाणी भरलं, आणि दुसऱ्या दिवशी खालच्यांच्या हॉलचं छत गुलाबी झालं. काका जिना उतरून स्वतः बघायला आले, मान वर करून बराच वेळ निरखत राहिले आणि म्हणाले, “होळीचा असेल.” महिना श्रावण होता.

हसून सोडून द्यावं, असंही नाही. स्लॅबमधल्या सळईपर्यंत पाणी पोचलं की ती गंजते. गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो. पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडलेल्यांचं तीन वर्षांतून एकदा व्हावं, असं उपविधी सांगतात. त्या ऑडिटमध्ये खाली लोंबणाऱ्या प्लास्टरचा माग काढत गेलं, की तो वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी मोरीत जाऊन थांबतो.

ही जात निवृत्तांबरोबर संपेल, असं कुणाला वाटत असेल तर त्याने बाणेर-वाकडकडे एक चक्कर मारावी. तिथले तरुण काका लॅपटॉपवर काम करतात आणि यूट्यूबवरून दीक्षा घेतात. त्यांचा डबा पत्र्याचा नसतो. ऑनलाइन मागवलेली, खाचाखाचांत बसवलेली चकचकीत पेटी असते. चित्रफितीतला माणूस अमेरिकेत असतो, त्याची नळी वेगळी, त्याचे आटेही वेगळे. तो म्हणतो, “आता ही नळी कापा,” आणि हे कापतात. मग फोनवर जाहिरात लागते. ती संपेपर्यंत फ्लॅटमध्ये घोटाभर पाणी. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना एक वेळ माफ करता येईल. तिथे प्लंबरची मजुरी ऐकून भलाभला माणूस स्वतः पाना उचलतो. आपल्याकडे प्रश्न पैशांचा नसतोच. घर आपलं, पाणी आपलं, आणि तिसराच माणूस येऊन आपल्याला दोन मिनिटांत अडाणी ठरवतो, हे सोसत नाही. काकांचं वैर पाण्याशी कधीच नसतं. ते त्या “हे कुणी केलंय?”शी असतं, आणि गंमत म्हणजे त्यांच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर तो प्रश्न अधिकाधिक रास्त होत जातो.

तरीही या माणसाचा मला राग येत नाही. रविवारी रात्री अकरा वाजता शेजाऱ्यांचा नळ मुठीसकट हातात येतो, प्लंबर फोन उचलत नाही, तेव्हा जिन्यावर पहिली पावलं काकांची वाजतात. हातात डबा, कानावर पेन्सिल. कुठल्या फ्लॅटचा कॉक गच्चीवर कुठे आहे, हे अख्ख्या इमारतीत त्यांनाच माहीत असतं. ते वर जाऊन तो बंद करतात, आणि खरं तर तिथेच थांबले तर इमारतीने त्यांचा सत्कार करावा. दुर्दैवाने ते खाली येतात आणि डबा उघडतात.

माझ्या अहवालात मी अशा घरांबद्दल सौम्य भाषा वापरतो: ‘पाणीपुरवठ्याच्या वाहिन्यांत ठिकठिकाणी स्थानिक स्वरूपाच्या दुरुस्त्या आढळल्या. सर्व जोड नव्याने करून घ्यावेत.’ खरेदीदार त्या एका ओळीवर किंमत पाडून मागतात. काका उलट म्हणतात, “एवढी मेहनत केलीय, त्याचे वेगळे धरा!” सौदा अखेर काकू मिटवतात.

तेव्हा वाचकहो, हौस असेल तर जरूर करा. आधी आपला कॉक कुठे आहे ते बघून ठेवा आणि तो बंद करूनच काम सुरू करा. नळाचा वॉशर बदला, टेप सुलटी गुंडाळा, शॉवरची जाळी साफ करा. पण भिंतीतली नळी, मोरीचा ट्रॅप आणि गीझर या तिघांना हात लावू नका. तिथे दोन मिनिटांचे पाचशे द्या, आणि तो “हे कुणी केलंय?” विचारेल तेव्हा निःशंक मनाने बिल्डरचं नाव सांगा.